मामांचा ट्रॅक्टर आणि नवा रेडिओ

मामी वारली, त्या दिवसापासून मामा बसले नाहीत. ही अतिशयोक्ती आहे असं आमच्या अंजूर गावात कुणी म्हणणार नाही. मामा केससुद्धा उभ्याने कापून घेत, आणि बुटक्या न्हाव्याला त्यासाठी विटांवर चढावं लागे. जेवण तसंच. भाकरी हातात, ओटीवर येरझारा, दोन घास पोटात आणि उरलेली कोंबड्यांना. दिवाळीपर्यंत त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, ताट घेऊन मागे मागे फिरे.

"दादा, घटकाभर टेक की."

"टेकलो का घर अंगावर येतं," मामा म्हणत, आणि जुना ट्रॅक्टर काढून नांगरलेलंच शेत पुन्हा नांगरत. तेही उभ्याने.

त्या ट्रॅक्टरवर रेडिओ बसवायचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, कुणास ठाऊक. भिवंडीहून त्यांनी मोटारीत बसवायचा नवा रेडिओ आणला, मडगार्डवर स्क्रूने आवळला आणि तार बॅटरीला लावली. धूर निघाला. बाजारातला दुरुस्तीवाला पोट धरून हसला.

"चाचा, तुम्हारा ट्रॅक्टर पुराने जमाने का है. उसकी बॉडी में प्लस, रेडिओ की बॉडी में माइनस. दोनों का पत्रा छूना नहीं चाहिए."

"म्हंजे मी न् माझा सासरा," मामा म्हणाले. "मधी कोनतरी बसवावा लागंल."

घरी येऊन त्यांनी मामीचा भाकऱ्या थापताना बसायचा पाट काढला, मडगार्डला सुंभाने बांधला आणि दुरुस्त केलेला रेडिओ त्यावर ठेवला. एरियलही पत्र्याला लागू नये म्हणून तिला सायकलची ट्यूब गुंडाळली. रेडिओ वाजला, पण इंजिन चालू असलं की त्यातून नुसती डायनमोची शिट्टी ऐकू येई. बांधावरून लोक विचारत, "काय मामा, बाई गाते का डास गुणगुणतो?" गाणं ऐकायचं तर इंजिन बंद हवं, आणि तसा रेडिओ वाजवत ठेवला की बॅटरी उतरे. मग दिसेल त्याला ट्रॅक्टर ढकलायला हाक. लोक मामांना पाहून वाट बदलू लागले. शेवटी मामा खाडीच्या बांधाच्या उतारावर ट्रॅक्टर उभा करू लागले. ब्रेक सोडला की तो घरंगळत सुरू होई.

एका दुपारी मी आईबरोबर जेवण घेऊन गेलो होतो. इंजिन बंद होतं, बातम्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, एवढा खटाटोप कशाला? घरीच ऐका की."

मामा रेडिओची कळ फिरवत राहिले. "ती भाकर घेऊन यायची तवाच मी इंजन बंद करायचो," ते म्हणाले. "आता बंद कराया काय तरी कारन पायजे ना."

मग ते सीटवर टेकले. बातम्यांतल्या मंत्र्याला उलट उत्तरं देत देत त्यांनी सगळी भाकरी संपवली आणि आईकडे आणखी एक मागितली. आईने भाकरी दिली आणि ती खाडीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढे काही वर्षांनी मामाही गेले. शेताच्या जागी आता गोदाम आहे. मामांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, आणि त्यात ते उभे आहेत.