आरशावरचं कुंकू

लेसरच्या खोलीत कुणी चपला घालून आलं, की मी खेकसायचे. नव्वदच्या दशकात आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात तो लेसर मी उभा करत होते. दिवाळीपर्यंत प्रकाशाचा स्पंद पुरेसा छोटा झाला नाही तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

या लेसरच्या प्रकाशात पुष्कळ रंग असतात. सगळे एका तालात चालले, तरच त्यांचा मिळून एक अतिशय छोटा स्पंद होतो. पण स्फटिकातून जाताना तांबडा पुढे पळतो, निळा मागे रेंगाळतो आणि स्पंद लांबतो. त्यांना पुन्हा जुळवायला दोन लोलक लागतात. ते केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जमलं. लेसरमधल्या आरशाला बोटानं हलकी टिचकी मारली आणि हवे तेवढे छोटे स्पंद सुरू झाले. दसऱ्यानंतर मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार होते.

खंडेनवमीच्या सकाळी उल्हासनगरहून शेअर रिक्षानं पोचले. लेथला हार, टाइपरायटरला हार, आणि माझ्या खोलीचं दार उघडं. आत साहेब तबक घेऊन उभे. लोलकांवर अक्षता, आरशाच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट.

"साहेब, हे काय केलंत?"

"पूजा. मेन पार्ट हाच ना? तुम्हीच तर बोलला होतात."

माझा चेहरा बघून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि आरसा खसाखसा पुसला. मी हात धरेपर्यंत वरच्या नाजूक लेपावर ओरखडे उमटले होते. तसा आरसा परदेशातूनच यायचा, आणि दिवाळीपर्यंत येणं शक्य नव्हतं. ते तबक भिरकावून द्यावंसं वाटलं. दिलं नाही, याचा राग अजून आहे.

मोठे साहेब आले. टिचक्या मारून माझं बोट दुखायला लागलं, स्पंद काही सुरू होईना.

"मॅडमनी मेहनत खूप घेतली," साहेब त्यांना म्हणाले. "आम्ही पूजासुद्धा केली. शेवटी नशीब लागतं."

रुमालाचं नावही नाही. मग मीच सगळं सांगितलं, तर मोठे साहेब म्हणाले, "देवाधर्माला कशाला दोष देता?" देवाला कोण दोष देत होतं?

काम बंद झालं. लेसरच्या टेबलावर प्लास्टिक पडलं आणि मला माल तपासायला बसवलं. पुढच्या खंडेनवमीला साहेबांनी त्या प्लास्टिकलाही हार घातला आणि तबक माझ्यापुढे धरलं.

"या मॅडम, कुंकू तुम्ही लावा."