यादीत नसलेला रक्तदाता

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी नाही. अमावास्येला मुहूर्त न बघता स्कूटर घेतलेली बाई आहे मी! पण गेल्या वर्षी जे घडलं ते लिहितेय, कारण ऑफिसात सगळे मला गप्प बसवायला बघतात.

खराडीतल्या एका रक्तपेढीत मी रक्तदात्यांची यादी सांभाळते. म्हणजे यादी कॉम्प्युटरमध्ये असते आणि तो मर्जी असेल तेव्हा दाखवतो. आज दिसलेलं नाव उद्या गायब! म्हणून दिसेल ते मी लगेच कॅलेंडरच्या मागे उतरवते. आयटीच्या निनादचं उत्तर ठरलेलं... "मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय."

त्या दिवशी सकाळी अकराला वाघोलीहून एक तरुण आला. बायको बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता आणि रक्तगट निघाला बॉम्बे — फार दुर्मिळ. बाकी रक्तपेढ्यांनी हात वर केले होते. मी सर्च दिला. स्क्रीन कोरा. निनादला फोन लावला.

"सर्व्हर डाऊन आहे. दोनपर्यंत थांबा."

"मी थांबीन हो, ती बाई थांबेल का?"

"मॅडम, प्रोसेस असते."

फोन आपटला. पुन्हा सर्च दिला. पुन्हा... पुन्हा... आणि एक नोंद आली. एकच. नाव, खडकवासल्याचा पत्ता, मोबाईल. उतरवून होतंय तोवर स्क्रीन परत कोरा.

त्या मोबाईलवर फोन लावला, तो एका शिक्षकांनी उचलला. "अहो, मी आयुष्यात कधी रक्त दिलेलं नाही. आणि माझा गट ओ आहे."

"बॉम्बे गटाला बऱ्याचदा ओ समजूनच चालतात. आपण या तरी."

ते आले. तपासलं... बॉम्बेच! संध्याकाळी पिशवी वाघोलीला पोचली, बाई वाचली. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी निनादने लेखी कळवलं — सर्व्हर दोनपर्यंत बंदच होता आणि अशी नोंद डेटाबेसमध्ये कधीच नव्हती. शिक्षकही शपथेवर सांगतात, त्यांनी कुठेच नाव दिलं नव्हतं. मग ते आलं कुठून? मला आजही माहीत नाही. उगाच काहीतरी मानायचं म्हणून मानणारही नाही.

आठवड्याभराने, निनादच्या त्या पत्रावरून, आमच्या साहेबांनी कागद पुढे केला. 'नोंद दिसल्याचा माझा गैरसमज झाला.' म्हणाले, "सही करा आणि मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, "साहेब, ती बाई बाळाला घेऊन घरी गेलीय. ते खोटं ठरवा, मग सही मागा."

कागदावर सहीची जागा अजून कोरीच आहे.