खडूचे आकडे

तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. दिघ्याच्या एका वस्तीत लहान मुलांना वारंवार जुलाब का होतात, याचा अभ्यास होता. घरं मोजताना चूक नको म्हणून मी आणि माझा वर्गमित्र दारांवर खडूने नंबर टाकत निघालो. गल्लीच्या शेवटच्या दारावर नंबर टाकून मागे पाहिलं, तर आधीचे सगळे गायब.

ओलं फडकं घेऊन ती आमच्या मागोमाग पुसत आली होती. पदर कमरेला खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. तिच्यामागे अर्धी गल्ली जमलेली. बाहेर पडायची वाट त्यांच्यातूनच होती.

"मावशी, आम्ही कॉलेजातून आलोय," मी म्हटलं. "आरोग्याचं काम आहे."

"मागल्या टायमाला पन साहेब लोक असंच लिवून गेले. मग बुलडोझर आला."

आवाज जराही चढलेला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. वर्गमित्राने खडू हळूच खिशात टाकला.

तिने फडकं माझ्यापुढे धरलं. "हे माझं दार हाय. हा नंबर तुमी पुसा."

मी पुसला. पुन्हा एकदा पुसला. तिने दारावरून तळहात फिरवला, उजेडात धरून पाहिला आणि बाजूला सरकली.

"आता आत या. इचारा काय इचारायचं ते."

मी फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न होता, घर कच्चं की पक्कं.

तो काही मला विचारवेना.