तळ्यावरचा फेस

माशांच्या खाद्याचा उग्र वास आला की उधन्यातल्या आमच्या घरामागचे छोटे तळे आठवते. मासे आईचे; संध्याकाळी त्यांना खाणे घालण्याचा मान फक्त तिचा. ती गेली आणि महिन्याभरात पाण्यावर पिवळट, न विरणारा फेस साचला. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. मी जाळीने फेस काढला, पाणी तपासले आणि सांगितले, "कुजलेल्या खाण्यातल्या प्रथिनांचा फेस आहे हा. खाणं जास्त पडतंय. कोण घालतं?" "मी," आप्पा म्हणाले. "तिची वेळ चुकवू कशी?" धाकटा भाऊ चमकला. "आप्पा, क्लासहून आल्यावर मीपण घालतो ना!" कामावरून परतल्यावर मीही चिमूटभर घालत होते. दुसऱ्याला तिच्या आठवणीने वाईट वाटू नये म्हणून तिघांनीही ते लपवले होते. त्या संध्याकाळी आप्पा प्रथमच रडले. मग आम्ही वार वाटून घेतले. फेस ओसरला, मासे वाचले. आता नोकरीसाठी मी बडोद्यात असते. भाऊ माझा गुरुवार मागतो, पण आप्पा म्हणतात, "तो ताईचा वार आहे, राहू दे." त्या दिवशी माशांना कुणीच खाणे घालत नाही. एका दिवसाच्या उपवासाने माशांना अपाय होत नाही, हे मी जाणते; तरी गुरुवारी संध्याकाळी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.