थोरल्याचा कोंबडा

गावाबाहेरच्या देवळात जे काही पालटलं, त्याचं खापर चुन्याच्या एका बादलीवर फोडावं लागेल. आणि ती बादली धास्तीमामांच्या हातात होती.

मामा देवळाचे राखणदार. सदानकदा घाबरलेले, म्हणून हे नाव; खरं नाव मामींनाही आठवून सांगावं लागे. भिंतींना चुना द्यायचा म्हणून त्यांनी कोनाड्यातला देव, म्हणजे तेल पिऊन काळाभोर झालेला दगड, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. तेव्हाच वाटेने जाणारे एक भंते मुक्कामाला थांबले होते. त्यांच्या झोळीत बुद्धाची वीतभर मूर्ती. तिच्यावर शिंतोडे नकोत, म्हणून मामांनी ती वाळलेल्या कोनाड्यात ठेवली.

"दोनच दिवस," ते म्हणाले.

सकाळी सुताराची बायको येऊन हात जोडून गेली, आणि तिच्या पोराचा ताप उतरला. मग काय, रांग लागली. आता मूर्ती हलवायची कुणाची छाती? मामांची तर नव्हतीच.

गावाने नाती लावून टाकली: ओट्यावरचा थोरला, आतला धाकटा. भंतेही रमले. काही सोडा म्हणून ते कुणाच्या मागे लागले नाहीत. संध्याकाळी लोकांना गप्प बसायला शिकवलं, एवढंच. या गावात ते आजवर कुणाला जमलं नव्हतं. मग शांततेत मोडता नको म्हणून लोकांनीच घंटा उतरवली. मग अंगणातला कोंबडी कापायचा ओंडका गेला, आणि नवसाची कोंबडी जिवंतच सोडली जाऊ लागली. मामा त्यांना दाणे टाकत पुटपुटत, "पूर्वी तुम्ही मला खाऊ घालायचात."

थोरल्याकडे आता कुणी ढुंकूनही बघेना. मामांच्या जिवाला घोर लागला तो इथे. लेक बाळंतपणाला आली होती. तिचं पहिलं मूल दगावलं होतं, म्हणून मामांनी थोरल्याला शब्द दिला होता: या खेपेला पोर सुखरूप सुटू दे, कोंबडा कापतो. तो शब्द चुन्याच्या आधीचा. आता घराबाहेर काढलेला थोरला त्यातली आपली बाजू कशाला पाळेल?

भर दुपारी कळा सुरू झाल्या. मामा कोंबडा काखेत मारून ओट्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हे काय, मामा?" भंत्यांनी विचारलं.

"थोरल्याला दाखवतोय. देणं बुडवणार नाही म्हणून."

"आणि आतल्याला?"

"त्याला दिसू नये म्हणून तर पाठ केलीय."

भंते हसले नाहीत. "त्याला जरा सैल धरा. तोही घाबरलाय," म्हणाले, आणि दगडाशेजारी बसून राहिले.

उन्हं कलली तेव्हा मामी आल्या. "मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत. आता तरी तोंड सरळ करा."

"कुणी दिली म्हणायची?" मामांनी हळूच विचारलं. "थोरल्याने की धाकट्याने?"

"तुमच्या लेकीने. दुपारपासून ती काय गंमत करत होती?"

मामांनी सुरी आणली. तोवर काखेतून सुटलेला कोंबडा थोरल्याच्याच डोक्यावर चढून, मान पिसांत खुपसून बसला होता. संध्याकाळच्या बैठकीला आत गेलेल्या भंत्यांचा संथ स्वर सुरू झाला. मामांनी एकदा सुरीकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं.

"उद्या बघू," ते दगडाला म्हणाले.

नात आता रांगते. मामा थोरल्यावर रोज दुप्पट तेल ओततात, मुदत मागतात. कोंबडा त्याच्याच डोक्यावर बसून बांग देतो. थोरला काही बोलत नाही, आणि मामांना धास्ती वाटते ती त्याचीच.