निम्मी बाकी

कुणी कुणाला वाईट म्हटलं की काका चष्मा काढत, स्वेटरला पुसत आणि म्हणत, "घाई करू नका. अजून निम्मी मालिका बाकी आहे."

मालिका म्हणजे जपानी. मुखवटा चढवून राक्षसांना बडवणाऱ्या वीरांची. रिचमंड हिलमध्ये आम्ही शेजारी, काका निवृत्त इंजिनिअर. मालिका खरं तर त्यांच्या मुलाच्या आवडीची. तो मोठा होऊन व्हँकुव्हरला गेला, काका बेसमेंटमध्ये बघत राहिले. सोबतीला जुने मित्र दाते. दर शनिवारी दोन खुर्च्या, मध्ये चिवडा.

"यात बघण्यासारखं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"वीराची ताकद राक्षसांकडूनच आलेली," काका गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तो स्वतःलाच विचारतो, मी नक्की कोण? आणि तो काळ्या चिलखतातला बघ. वीराच्या जिवावर उठलाय, पण बहिणीला वाचवायला. याला काय म्हणशील?"

वरून काकू म्हणाल्या, "रबराचे कपडे घातलेला माणूस म्हणा!"

मग आमचं मराठी मंडळ फुटलं. गणपतीच्या जेवणात श्रीखंड घरचं की विकतचं, यावरून. अध्यक्ष काका, त्यांना घरचंच हवं. दाते म्हणाले, "बायकांनी किती वर्षं चक्का फेटायचा?" आणि निम्मं मंडळ घेऊन बाहेर पडले. शनिवारी यायचेही थांबले.

आमच्यात दाते गद्दार ठरले. काकांनी चष्मा पुसला. "घाई करू नका."

काळ्याचा मुखवटा निघणार, तिथेच काकांनी मालिका थांबवली होती. पुढे बघायची ती दोघांनी मिळून. दर वेळी काका एकटेच पहिल्यापासून बघत आणि त्या जागी आले की टीव्ही बंद करत. दात्यांची खुर्ची हलवू देत नसत. फोन मात्र दोघांपैकी एकानेही केला नाही. मला दोघांचाही राग यायचा.

या हिवाळ्यात काका गेले. काही दिवसांनी मी काकूंची ग्रोसरी घेऊन गेलो, तर दाते बर्फात बुडालेला त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करत होते. तो पुरा झाल्यावरच त्यांनी बेल वाजवली. काकूंनी आम्हा दोघांना खाली बेसमेंटमध्ये पाठवलं.

दाते आपल्याच खुर्चीत बसले. मी टीव्ही लावला. काळ्या चिलखतातला तो मुखवट्याला हात लावून थांबलेला.

"पुढे काय होतं रे? वाईटच निघतो ना हा?"

"माहीत नाही. काकांनी पुढे बघितलंच नाही. तुमच्यासाठी थांबले होते."

दात्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"लावू पुढचं?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "निम्मी बाकी राहू दे."