गच्चीवरची तार

महिला दिन जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. नांदेडातलं एखादं कॉलेज असतं, नाहीतर लातूरचं एखादं महिला मंडळ. "मॅडम, तुमचं ते हॅम रेडिओचं व्याख्यान ठेवावं म्हणतो. मुलींना प्रेरणा मिळंल." प्रेरणा! हा शब्द ऐकला की माझे गुडघे दुखायला लागतात. तरी जाते. शाल घेते, नारळ घेते. नंतर महिनाभर आमच्याकडं प्रत्येक भाजीत खोबरं असतं आणि नवरा म्हणतो, "यंदा प्रेरणा जरा जास्तच झाली का गं?"

हॅम रेडिओ म्हणजे काय हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता तोंड आपोआप चालतं. घरात स्वतःचं छोटं बिनतारी केंद्र ठेवायचं. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि मग मध्ये मोबाईल कंपनी नको की इंटरनेट नको, आपल्या सेटवरून उदगीरला बोला नाहीतर ऑस्ट्रेलियाला. धंदा करायचा नाही त्यावर. हौस आहे ती, आणि सगळं बंद पडतं तेव्हा उपयोगी पडणारी हौस आहे. परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांची एक खूण मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. हवेत आपलं नाव तेच.

सांगून झालं की पहिला हात मुलाचाच वर होतो. पोरी मागच्या बाकांवर ओढण्या सावरत बसलेल्या. मग एखादी धीर करून विचारते, "मोबाईल असताना हे कशाला?" त्याचं उत्तर माझ्याकडं आहे. पण एकदा लातूरला एक बाई उठल्या, कुणाच्या तरी आई असाव्यात, आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक हाय हो मॅडम, पण पोरीला गच्चीवर चढून तारा बांधू देणार कोण?" मी हसले आणि पाणी प्याले.

हवेत तरी काय वेगळं आहे! मी बटण दाबून बोलले रे बोलले की पाचपंचवीस पुरुष एकदम धावून येतात. सगळे मला वहिनी म्हणतात. माझ्या मुलाच्या वयाचेही वहिनीच म्हणतात. "वहिनी, साहेबांचा सेट का?" अहो, साहेबांना त्या सेटचा स्विच कुठं आहे ते अजून माहीत नाही! पण दर वेळी भांडायचं तरी किती? आता मी नुसतं "हाव, घरचाच सेट आहे" म्हणते आणि पुढं जाते.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं संपलं, निवृत्त झाले, तेव्हापासून घराच्या मागच्या खोलीत मी मुलींचा वर्ग घेते. फुकट. मुली येतात, तारांना सोल्डरिंग करायला शिकतात आणि स्वतःच्या हातानं छोटा सेट बनवतात. तो बसवायला डबा लागतो, म्हणून मी प्रत्येकीला घरून जेवणाचा जुना स्टीलचा डबा आणायला सांगते. या सेटवर बोलता येत नाही. त्यातून फक्त मोर्स जातं, म्हणजे ठिपके आणि रेघा, कट्ट आणि कडकट्ट. बोलणारा सेट महाग पडतो आणि माझ्याकडं तेवढंच होतं.

मुली हुशार असतात. पास होतात. परवाना येतो, आणि त्याच्या पाठोपाठ लग्नाची पत्रिका येते. मी लग्नाला जाते, जेवते, डोक्यावर हात ठेवते. त्यानंतर हवेत ती मुलगी परत ऐकू येत नाही. लग्न म्हणजे परवान्यावर नवा पत्ता आणि डोक्यावर नवी गच्ची. पत्ता अर्ज करून बदलतो. गच्चीचं काय करायचं?

यातलीच एक मुलगी निलंग्याकडच्या एका खेड्यातली होती. नांदेडला होस्टेलवर राहून बीएस्सी करायची. तोंडानं फाटकी, हातानं सोनं. मोर्स शिकवायला लागले तर म्हणाली, "मॅडम, देवानं तोंड दिलंय की! बोलता येत असताना ही टकटक कशाला?" मी म्हटलं, "गप. थोड्या विजेत लांब जातं म्हणून." ती गप बसली नाही, पण वर्गात सगळ्यात सुंदर मोर्स तिचंच झालं. प्रत्येकाच्या मोर्सला चालीसारखी एक लकब असते. तिच्या रेघा किंचित लांबायच्या, लाडात आल्यासारख्या. परीक्षेला तिला मी स्वतः हैदराबादला घेऊन गेले होते, आणि तिच्याकडून मला फार आशा होती. ते मी तिला कधी सांगितलं नाही, पण होती.

तिचंही ठरलं. उदगीरचं घर, खाऊनपिऊन सुखी, शेती आणि आडत. लग्नात रुखवत बघायला गेले तर काय! लोकरीचे हत्ती, सुपारीचं जोडपं, रंगीत कुरड्यांचा डोंगर आणि मधोमध तिचा स्टीलचा डबा. तिच्या आईनं त्याला झेंडूची माळ घातली होती आणि पुढं पाटी लावली होती, 'मुलीने स्वतः बनविलेला बिनतारी संच'. बायका वाकून वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "गाणी लागतात का हो याच्यावर?" दुसरी म्हणाली, "डबा तरी वापरता यावा बाई." मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. निदान डबा सासरी तरी निघाला होता.

पुढं उदगीरला एका शाळेत बोलायला गेले तेव्हा तिच्या घरी डोकावले. सासूबाईंनी मोठ्या अगत्यानं बसवलं आणि हात धरून शोकेसपाशी नेलं. काचेच्या आत, चिनी मातीच्या बदकांच्या शेजारी तो डबा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

"कुणाला हात न्हाई लावू दिला बघा," त्या अभिमानानं म्हणाल्या. "आल्यागेल्याला दाखवतो. आमची सून इंजिनेरपेक्षा कमी न्हाई."

मी म्हटलं, "दाखवायचा नाही हो, वापरायचा असतो. गच्चीवर एक तार लावली की झालं."

त्यांचा चेहरा लगेच बदलला. "तार न्हाई बाई. वीज पडंल घरावर. अन् ती किरणं का काय म्हणतात ती. अजून पाळणा हलायचाय आमच्यात."

मी समजावलं. मोबाईल टॉवर वेगळा, हे वेगळं, एवढ्याशा सेटनं काही होत नाही. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, आणि मान कुठल्या बाजूला हलत होती ते मला दिसत होतं. सून चहा घेऊन आली, खाली बघत उभी राहिली. वर्गात माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारी पोर! मला सासूचा राग आला आणि खरं सांगायचं तर पोरीचाही आला. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हजेरी अजून घेता का?"

"घेते."

"दोनलाच?"

"दोनलाच," म्हटलं आणि रिक्षात बसले. घरी येईपर्यंत एसटीत मी एकच गोष्ट घोळवत होते. आता बास. पोरींना नाही म्हणणारे पुरुष मी समजू शकते, पण दर वेळी पुढं होऊन दार लावणारी बाईच असते. आई असते, आजी असते, सासू असते. आपण कुणासाठी एवढं मरमर करायचं? घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "वर्ग बंद करते." तो म्हणाला, "कर. चहा ठेवू का?"

ती विचारत होती ती हजेरी म्हणजे अशी. दर रविवारी दुपारी दोन वाजता मी सेट लावते आणि मोर्समध्ये माझ्या मुलींचे कॉलसाइन एकेक करून पुकारते. पुकारायचं आणि थांबायचं. कानाला नुसता खरखराट. मग पुढचा. एकदोघी होस्टेलवरच्या उत्तर देतात, अजून लग्नं न झालेल्या. बाकीच्यांसाठी थांबायचं आणि पुढं जायचं. मेलेल्यांना हाका मारल्यासारखं वाटतं कधी कधी. मी ठरवलं की येत्या रविवारी शेवटची हजेरी. उदगीरवालीनंही उत्तर दिलं नाही तर की, म्हणजे ते मोर्स वाजवायचं बटण, फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची.

त्या रविवारी तिचा कॉलसाइन मी सगळ्यात शेवटी घेतला. तो इथं लिहीत नाही, तो तिचा आहे. पुकारलं. थांबले. खरखर, खरखर. हात स्विचकडं गेला, आणि खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. बारीक. मुंगी चालावी तेवढं. रेघा किंचित लांबलेल्या.

अगं बाई! मी खुर्चीतून उठलेच. आम्ही मोर्समध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी बोलतो, तसं तिनं एकेक अक्षर वाजवलं. "मॅडम ऐकू येतंय का."

नंतर भाजीला बाहेर पडली तेव्हा तिनं फोन केला आणि पोटभर हसत सगळं सांगितलं. शोकेस पुसायचं काम तिच्याकडंच होतं. पुसायच्या निमित्तानं डबा बाहेर येतो आणि कोपऱ्यातल्या खोलीत जातो. वीज फवारणीच्या पंपाच्या बॅटरीची. "अन् तार?" मी विचारलं.

"कपडे वाळत घालायची दोरी सडली व्हती. म्हणलं, मामंजी, मी नवी तार बांधते. तुम्ही शिकवलं व्हतं तेवढीच लांब. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, अन् एक फाटा खिडकीतून खाली. मामंजी म्हणले, सून लई कामाची हाय!" ती हसली. मग आवाज खाली आला. "मॅडम, दुपारी सगळे झोपलेले असतात. टकटकच बरी. तोंडानं बोलले असते तर ऐकू गेलं असतं ना."

मी फोन ठेवला आणि मला आनंद झाला, आणि मग भयंकर राग आला. परवाना सरकारनं तिच्या नावानं दिलेला, आणि पोर स्वतःच्या घरात चोरासारखी आपलं नाव वाजवते! याच्यासाठी शिकवलं का मी तिला? पण ती की माळ्यावर गेली नाही. पुढच्या रविवारी मी दोनच्या आधीच सेटपाशी जाऊन बसले.

ती येत राहिली. कधी आवाज खणखणीत, कधी एकदम मेलेला. मी विचारायची, "आज काय?" उत्तर यायचं, "चादर." जड ओलं कापड पडलं की तार झुकायची, कठड्याच्या लोखंडी पाइपाला टेकायची आणि सगळा जोर तिथंच जिरायचा. म्हणून रविवारी दोनच्या आधी ती गच्चीवर पळायची, कपडे वाळले का बघायला म्हणून, आणि तार मोकळी करून यायची. भर उन्हात. कुणी विचारलं तर म्हणायची, ऊन लई हाय, रंग उडतो.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी तिचं उत्तर आलं ते जवळजवळ आलंच नाही. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, ते मला कळायला हवं होतं. मी डोळे मिटून ऐकत होते. "गोधड्या," तिनं वाजवलं. "सगळ्या घरच्या. पाहुणे होते. वर जाता आलं न्हाई." पुढची अक्षरं बुडाली. पाणी पिऊन भिजलेल्या गोधड्या काय असतात ते उचलणारीलाच माहीत. मी वाजवलं, "राहू दे. पुढच्या रविवारी." आणि मला इतका थकवा आला की मी डोकं टेबलावर टेकलं. एक तार. एवढी एक तारसुद्धा पोरीला मोकळी मिळू नये का?

डोकं टेकलेलं असतानाच तिच्या अक्षरांचा आवाज चढला. आधी थोडा. मग आणखी. कुणीतरी रेडिओचं बटण फिरवत असावं तसा, एकेक टप्प्यानं. मी माझ्या सेटला हातही लावला नव्हता. शेवटी तिची अक्षरं अशी खणखणीत आली की मी कानावरचा हेडफोन सैल केला. ती मात्र मध्येच थांबली.

मी घाबरले. वाजवलं, "काय झालं?"

"सासूबाई," तिनं वाजवलं. "जिन्यात दिसल्या. माझ्याकडं बघितलं. डब्याकडं बघितलं. वर गेल्या. खिडकीतून दिसलं, एकेक गोधडी काढून कठड्यावर टाकली."

दर रविवारी दोनच्या आधी सून कुठं पळते, हे त्या किती दिवसांपासून बघत होत्या कोण जाणे. त्या घरातलं ओझं त्यांनी आजवर किती उचललं असेल, त्यात त्या दिवशी या गोधड्या. आणि मी या बाईवर एसटीभर तोंडसुख घेतलं होतं.

"त्यांना सांग," मी वाजवलं, "आता एकदम स्वच्छ येतंय."

लगेच उत्तर आलं. "खाली आल्यात. दारात उभ्या हायत. पदर सगळा भिजलाय. विचारायल्यात, पोचलं का?"

माझे डोळे भरले होते, पण कीला डोळे लागत नाहीत. मी वाजवलं, पोचलं. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून, त्यांना मोर्स कळत नाही हे माहीत असूनही, पुन्हा एकदा सावकाश वाजवलं, पोचलं.